सोलापुरात दुकान-कारखान्यासाठी नेट: लाइन निवडण्यापासून ती बंद न पडू देण्यापर्यंत

गाडी भरून गेटवर उभी आहे, ताडपत्री बांधून झाली आहे, ड्रायव्हर कागद मागतोय आणि ऑफिसात नेट बंद. अक्कलकोट रोड असो की चिंचोळी एमआयडीसी, टॉवेल, चादर किंवा युनिफॉर्मच्या धंद्यातल्या कुणालाच ही वेळ नवी नाही. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला केलेलं प्रत्येक बिल जीएसटीच्या पोर्टलवर ई-इन्व्हॉइस म्हणून नोंदवावं लागतं. ५० हजारांवरचा माल परराज्यात निघाला की ई-वे बिल लागतं. नेट नाही म्हणजे माल जागेवरच.

तरीही नेट घेताना आपण विचारतो ते एवढंच, की किती एमबीपीएस आणि महिन्याला किती पैसे. २०० चं ५०० केलं की त्रास संपेल असं वाटतं. बहुतेक ठिकाणी तो संपत नाही, कारण दुखणं वेगाचं नसतंच. व्यवसायाचं नुकसान होतं ते लाइन तुटण्याने, आतल्या खराब वायरिंगने आणि दुसरी सोय नसल्याने. हा लेख या क्रमाने लिहिला आहे: पैसे खर्च करण्याआधीची पायरी आधी, खर्चाची नंतर.

आधी कागदावर लिहा: नेटवर नक्की चालतं काय?

एका पानावर तीन रकाने करा. पहिल्यात काम, दुसऱ्यात ते किती जण करतात, तिसऱ्यात ते काम तासभर थांबलं तर काय बिघडतं. नवी पेठेतल्या कापड दुकानाचं पान आणि सात रस्त्याजवळच्या हॉस्पिटलचं पान अगदी वेगळं निघेल. यूपीआय आणि बिलिंगला वेग जवळजवळ लागतच नाही, ते फक्त तुटायला नको. एक्स-रे, सीटी स्कॅनच्या फाइल बाहेर पाठवणाऱ्याला अपलोड लागतो. परदेशी गिऱ्हाइकाशी व्हिडिओ कॉलवर टॉवेलचे नमुने दाखवणाऱ्या निर्यातदारालाही अपलोडच लागतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो मात्र डाउनलोड.

कॅमेऱ्यांचा हिशेब वेगळा मांडा, कारण तिथे बहुतेकांची गल्लत होते. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दुकानातल्याच डीव्हीआरमध्ये साठत असेल तर त्याचा नेटवर काही भार नाही. तुम्ही घरून मोबाईलवर बघता तेवढा वेळच नेट वापरलं जातं. पण कॅमेरे थेट क्लाउडवर साठवत असतील तर गणित बदलतं. २ एमबीपीएसने चालणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी, म्हणजे महिन्याला साधारण ६५० जीबी वर पाठवतो. असे पाच कॅमेरे म्हणजे ३२०० जीबीच्या पुढे. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग रांगतो. महिनाअखेरीलाच नेट मंद होत असेल तर आधी हे तपासा.

मग दुखणं कुठे आहे ते शोधा

ही पायरी लोक टाळतात आणि सरळ कंपनी बदलतात. नवी कंपनी येते, आतली वायर तीच राहते, तक्रारही तीच राहते. शोधायला अर्धा तास आणि एक लॅपटॉप पुरतो.

लॅपटॉप वायफायवर नको, चांगल्या लॅन केबलने थेट कंपनीच्या डब्याला (बाहेरची लाइन ज्यात येते त्या यंत्राला) जोडा. बाकी सगळ्या वायरी काढून ठेवा आणि वेग मोजा. सकाळी दुकान उघडताना, दुपारी, आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास, असं तीन वेळा मोजा. तिन्ही वेळा ठरलेला वेग मिळाला तर बाहेरची लाइन ठीक आहे आणि दोष तुमच्या आत आहे. रात्रीच पडत असेल तर गल्लीतली गर्दी आहे. फायबरच्या प्रचलित पद्धतीत एका मुख्य धाग्यावरचा सुमारे २.५ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२५ जीबीपीएस अपलोड ३२ किंवा ६४ गिऱ्हाइकांत वाटला जातो. तुमचं काम संध्याकाळी सहाला संपत असेल तर रात्रीच्या मंदपणाशी तुमचं देणंघेणं नाही. हॉटेल किंवा हॉस्पिटल असेल तर आहे.

वेगापेक्षाही मी पिंगला, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघण्याला, जास्त मान देतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि दोन खिडक्यांत दोन पिंग सतत चालू ठेवा. एक तुमच्या राउटरच्या पत्त्यावर (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसरा ८.८.८.८ या गूगलच्या, म्हणजे बाहेरच्या पत्त्यावर. दहा मिनिटं चालू द्या. राउटरचं उत्तर वायरवर एक-दोन मिलिसेकंदांत आलं पाहिजे. तेच कधी २, कधी ३०० असं नाचत असेल किंवा मधेच ‘टाइम्ड आउट’ येत असेल तर बिघाड तुमच्या चार भिंतींच्या आत आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटर स्थिर आणि ८.८.८.८ तेवढं तुटतंय, तर बिघाड बाहेर. त्याचा स्क्रीनशॉट वेळेसह काढून ठेवा. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीला फोनवर ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढंच उत्तर मिळतं. ‘दर शंभर पिंगमागे आठ तुटतात, थेट डब्यावर मोजलंय’ या तक्रारीला माणूस पाठवावा लागतो.

फायबर असेल तर आणखी एक आकडा बघायला शिका. डब्याच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ किंवा ‘ऑप्टिकल पॉवर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि पुढे उण्यातला आकडा असतो. हा आकडा म्हणजे धाग्यातून येणाऱ्या प्रकाशाची ताकद. उणे १५ ते उणे २४ डीबीएम म्हणजे तब्येत चांगली. उणे २७ ही बहुतेक डब्यांची शेवटची पायरी. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २१ चा उणे २७ झाला तर पाव प्रकाश उरला. असा आकडा दिसला की नेट चालू असलं तरी तक्रार टाका. कुठेतरी जॉइंट सैल झालाय किंवा धागा जास्त वाकलाय. अशी लाइन पहिल्या वळवाच्या पावसात लाल दिवा दाखवते. कनेक्शन बसवल्या दिवशीचा आकडा डब्याच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवावा, हा माझा आग्रह आहे. पुढे बिघडलं तर तुलना करायला तोच लागतो.

लाइन निवडताना विचारायचे प्रश्न

बीएसएनएल, जिओ, एअरटेल आणि शहरातल्या स्थानिक केबल-फायबर कंपन्या, यांत ‘सगळ्यात चांगली कोण’ या प्रश्नाला उत्तर नाही. अशोक चौकात उत्तम चालणारी कंपनी होटगी रोडला रडत असेल. उत्तर गल्लीत मिळतं. शेजारच्या तीन दुकानदारांना विचारा: शेवटचं नेट कधी गेलं, किती तासांनी आलं, माणूस कोण आला? दुरुस्तीला येणारा माणूस ओळखीचा आणि जवळचा असणं हे सोलापुरात प्लॅनच्या आकड्यापेक्षा मोलाचं आहे.

कंपनीच्या माणसाला हा प्रश्न जरूर विचारा: माझ्या जागेपर्यंत फायबरच येणार की शेवटच्या तुकड्यात लॅन केबल टाकणार? फायबर थेट आलं तर वाटेतला स्प्लिटर (एक धागा अनेक गिऱ्हाइकांत वाटणारा भाग) विजेशिवाय चालतो. तुमच्या डब्याला बॅटरी असली आणि कंपनीच्या केंद्रात बॅकअप असला की लाइट गेल्यावरही नेट राहतं. शेवटच्या तुकड्यात लॅन केबल असेल तर ती कुणाच्या तरी जिन्यात टांगलेल्या स्विचवरून (अनेक लॅन केबल जोडणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या यंत्रावरून) येते. त्या इमारतीची लाइट गेली की तुमच्याकडे लाइट असूनही नेट जातं. ‘आमच्याकडे लाइट आहे, मग नेट का नाही’ या कोड्याचं उत्तर पुष्कळदा त्या जिन्यात असतं.

दुसरा प्रश्न स्टॅटिक आयपीचा, म्हणजे नेटवरच्या तुमच्या न बदलणाऱ्या पत्त्याचा. घरून ऑफिसचा टॅली किंवा कॅमेरे बघायचे असतील तर राउटरमध्ये वॅनचा (बाहेरच्या लाइनच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल तर कंपनीने एकच पत्ता अनेकांत वाटला आहे आणि बाहेरून थेट आत येता येणार नाही. स्टॅटिक आयपीचे जादा पैसे द्या, नाहीतर व्हीपीएनची (बाहेरून ऑफिसच्या जाळ्यात येण्याच्या सुरक्षित वाटेची) सोय करून घ्या.

कनेक्शन फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांक टाकूनच घ्या. नेटच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो आणि नियमित करदात्याला त्याचं क्रेडिट मिळतं. मालकाच्या घरच्या नावावर घेतलेल्या कनेक्शनवर ते सुटतं.

लीज्ड लाइन कुणी घ्यावी? तिच्यात वेग इतरांशी वाटून मिळत नाही, अपलोड आणि डाउनलोड सारखे असतात आणि किती वेळ चालू राहील याची लेखी हमी असते. किंमत साध्या ब्रॉडबँडच्या कितीतरी पट. हमीचा आकडा तासांत मोडून बघा. महिन्याचे ७२० तास धरले तर ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं बंद राहायची मुभा, ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटं. हमी मोडली तर पैसे किती कापून मिळतात, ते करारात वाचा. मोठं हॉस्पिटल, कॉल सेंटर, ज्यांचा सर्व्हर जागेवर आहे आणि शाखा त्यावर चालतात, त्यांनी जरूर घ्यावी. दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसला किंवा कारखान्याला मात्र मी लीज्ड लाइनऐवजी वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या दोन साध्या लाइन सांगतो. कमी पैशात जास्त भरवसा मिळतो.

दुसरी लाइन दुसऱ्या खांबावरून

वेगवेगळ्या वाटा हे शब्द महत्त्वाचे आहेत. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल युनिटमध्ये दोन कंपन्यांची दोन फायबर कनेक्शन होती, आपोआप बदलणारा राउटरही होता. तरी आठवड्यात दोनदा पूर्ण नेट गेलं. आम्ही बाहेर जाऊन वायरी डोळ्यांनी धरत गेलो. दोन्ही एकाच खांबावर, एकाच तारेला टायने बांधलेल्या, आणि रस्ता ओलांडताना इतक्या खाली आलेल्या की उंच भरलेला ट्रक गेला की दोन्ही ओढल्या जायच्या. पैसे दोन लाइनचे, वाट एकच. एक लाइन मागच्या गल्लीतून फिरवून घेतली आणि त्रास थांबला.

म्हणून दुसरी लाइन घेण्याआधी स्वतः बाहेर जाऊन बघा. पहिली कुठल्या खांबावरून येते, दुसरी कुठून येणार? पाइपलाइन, ड्रेनेज, रस्ता यांच्या खोदाईत जमिनीतली फायबर तुटते, ट्रक आणि वाऱ्यात वरची. एक वरून आणि एक जमिनीतून मिळाली तर उत्तमच. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणूक मार्गावर दुकान असेल तर जानेवारीच्या आधीच कंपनीला विचारून ठेवा की आडवी जाणारी तार त्या दिवसांत कशी आणि कधी उचलणार.

दुसरी फायबर मिळतच नसेल तर ४जी-५जीचं सिम किंवा एअरफायबर (टॉवरवरून येणारं बिनतारी नेट) घ्या. ते पहिल्या कंपनीपेक्षा वेगळ्या कंपनीचं असावं. गच्चीवर अँटेना बसवण्याआधी त्याच जागी उभं राहून मोबाईलवर कामाच्या वेळेत वेग मोजा. टॉवरचा वेग भोवतालच्या सगळ्यांत वाटला जातो. मार्केट यार्डात कांद्याचा हंगाम ऐन भरात असताना आणि रविवारी दुपारी, दोन्ही वेळांचे आकडे सारखे येणार नाहीत.

दोन्ही लाइन दोन वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या दोन लाइन घेणाऱ्या, राउटरला लावा. टीपी-लिंक, मायक्रोटिक अशा कंपन्यांचे असे राउटर सहज मिळतात. बसवणाऱ्याला एक गोष्ट ठामपणे सांगा: लाइन जिवंत आहे की नाही हे राउटरने बाहेरच्या पत्त्यावर पिंग करून ठरवावं. नुसती वायर जोडलेली आहे का, एवढंच तो बघत असेल तर पुढे कंपनीचं नेट मेलं तरी त्याला पत्ता लागत नाही आणि दुसरी लाइन नुसती बसून राहते. महिन्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत पहिली वायर उपसून बघा. बिलिंग अर्ध्या-एका मिनिटात पुन्हा चालू झालं पाहिजे.

आतलं जाळं: इथेच सगळ्यात जास्त सुधारणा होते

टॅली आणि बिलिंगचे सगळे कॉम्प्युटर वायरवर घ्या. यात तडजोड करू नका. टॅलीचा डेटा एका मशीनवर आणि बाकीचे वायफायवरून उघडतात, अशा ठिकाणी एंट्री अडकते आणि कनेक्शन मधेच तुटलं तर डेटा बिघडू शकतो. वायफाय मोबाईलला आणि पाहुण्यांना.

केबल कॅट ६ आणि शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात स्वस्त मिळते ती बरीचशी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. ती लवकर तुटते, लांबवर कमजोर पडते आणि केबलमधून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर गरम होते. टोक खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर परत करा. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. ५०० चा प्लॅन आहे आणि कितीही मोजा ९४-९५ च्या वर जात नाही, असं दिसलं तर ओळखा की आठपैकी एखादी तार तुटली आहे किंवा मधला स्विच जुना १०० एमबीपीएसचा आहे. दोनशे-चारशे रुपयांच्या दुरुस्तीने हे सुटतं आणि लोक त्यासाठी प्लॅन वाढवत बसतात.

ऑफिसपासून मागच्या शेडपर्यंत अंतर जास्त असेल किंवा दोन इमारती वेगळ्या असतील तर मधे तांबं नको, फायबर टाका. अंतराचा प्रश्न सुटतो, आणि वीज पडली किंवा दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला तरी धक्का एका टोकाहून दुसऱ्या टोकाच्या स्विचपर्यंत जात नाही. मधे रस्ता असेल आणि वायर टाकता येत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचा वायरलेस ब्रिज लावता येतो. त्या पट्ट्याला परवाना लागत नाही, मात्र दोन्ही टोकं एकमेकांना उघड दिसली पाहिजेत.

आता सोलापूरचा खास प्रश्न, उन्हाळा. साध्या राउटरच्या खोक्यावर चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सावलीतच ४० ओलांडतं, पत्र्याखाली तर विचारूच नका. दुपारी दोन ते पाच नेट अडखळतं आणि संध्याकाळी आपोआप सुधारतं, अशी तक्रार आली की मी आधी राउटर कुठे ठेवलाय ते बघतो. बहुधा तो पत्र्याला टेकून, माळ्यावर, नाहीतर बंद कपाटात इन्व्हर्टरच्या डोक्यावर असतो. तो खाली आणा, भिंतीवर माणसाच्या उंचीला, हवा खेळती राहील असा लावा. एसी केबिन असेल तर डबा, राउटर आणि मुख्य स्विच तिथेच ठेवा.

यंत्रमागाच्या शेडमध्ये उष्म्याबरोबर रुवा उडतो. आत पंखा असलेला नेटचा स्विच महिन्या-दोन महिन्यांत रुव्याने गच्च भरतो. तिथे बिनपंख्याचा स्विच जाळीदार, फिल्टर लावलेल्या पेटीत बसवा आणि मागांच्या मोटारींच्या वायरिंगपासून लॅन केबल फूटभर तरी लांब न्या. दोन्ही एकाच पट्टीतून नेल्या की पिंग तुटायला लागतात.

वायफायबद्दल थोडक्यात. जुन्या पेठांमधल्या दगड-मातीच्या जाड भिंती, पत्रे आणि छतापर्यंत रचलेल्या मालाच्या गाठी सिग्नल अडवतात. तिथे मोठा अँटेना काही करत नाही. स्वस्त बुस्टरही नको, तो आलेलाच सिग्नल पुढे फेकतो आणि वेग साधारण निम्मा करतो. जिथे वायफाय हवं तिथपर्यंत केबल न्या आणि तिथे ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय देणारं यंत्र) लावा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा. बाजारपेठेत शेजारच्या दहा दुकानांचं वायफाय तिथेच भांडत असतं, त्यामुळे जवळच्या वापराला ५ गिगाहर्ट्झ बरं.

लाइटची सोय करताना डबा, राउटर आणि स्विच तिन्ही बॅकअपवर आहेत ना ते बघा. फक्त राउटरला यूपीएस आणि डबा साध्या प्लगवर, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, त्यांना छोटा डीसी मिनी यूपीएस पुरतो. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून घ्या.

कुलूप लावायला विसरू नका

२०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि तेही कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. राउटर, डीव्हीआर आणि वायफाय या तिघांचे पासवर्ड बदला आणि वहीत लिहून तिजोरीत ठेवा, बसवणाऱ्याच्या डोक्यात नको. गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं करा, त्यावरून बिलिंगचा कॉम्प्युटर दिसता कामा नये. कॅमेरे शक्य तर तिसऱ्या, वेगळ्या जाळ्यावर. राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) सहा महिन्यांतून एकदा अद्ययावत करून घ्या.

तक्रार कशी टाकायची

स्थानिक माणसाला फोन जरूर करा, पण त्याबरोबर कंपनीच्या नंबरवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्याच. तोंडी तक्रारीची कुठे नोंद राहत नाही. नेट कधी गेलं, कधी आलं, तक्रार क्रमांक आणि त्या वेळचा ऑप्टिकल पॉवरचा आकडा, एवढं वहीत लिहा. मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) स्वतः एकेका गिऱ्हाइकाची तक्रार सोडवत नाही, पण ही दोन पायऱ्यांची व्यवस्था ठेवणं तिच्या नियमांनी कंपन्यांवर बंधनकारक आहे. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सूट मिळते, तरी नव्या कंपनीला पहिले तीन महिने महिन्याच्या हिशेबानेच पैसे द्या. त्या तीन महिन्यांची वही बघून मग वर्षाचं ठरवा.